परक्या भाषेत दातदुखी

आजार भाषा पाहून येत नाही. आपल्या गावात, ओळखीच्या डॉक्टरांसमोर बसूनही स्वतःचे दुखणे नेमके सांगताना अनेकांची त्रेधा उडते. मग ज्या देशात रस्त्यावरची पाटीही वाचता येत नाही, तेथे दवाखान्याची पायरी चढताना मन कचरले, तर त्यात नवल नाही. त्यातही दाताचा दवाखाना हा एक वेगळाच प्रकार होय. ताप आलेला रुग्ण तपासणी चालू असतानाही बोलू शकतो. दात दाखवणाऱ्या रुग्णाचे तोंड मात्र उघडे असते आणि त्यात आरसा, नळी व डॉक्टरांची बोटे असतात. अशा वेळी मातृभाषाही उपयोगी पडत नाही.

याच अडचणीमुळे दंतवैद्यकाने खुणांची, आकड्यांची आणि ठरावीक शब्दांची स्वतःची अशी एक पद्धत तयार केली आहे. परक्या देशातील रुग्णाला ही पद्धत मोठा आधार देते. परंतु तिला मर्यादाही आहेत. कोणती गोष्ट खुणेवर भागते आणि कोणती गोष्ट खुणेवर कधीही सोपवू नये, हे ज्याला कळले, तो थोड्या शब्दांतही निर्धास्तपणे उपचार घेऊ शकतो. जपानमधील शेजारच्या दंतवैद्याचे उदाहरण घेऊन हा विषय समजून घेऊ.

शेजारचा दवाखाना

जपानची राजधानी टोकियो. तिच्या पूर्वेकडील एदोगावा विभागात निशि-कासाई नावाची वस्ती आहे. २००० सालाच्या सुमारास संगणक क्षेत्रात काम करणारी अनेक भारतीय कुटुंबे येथे राहावयास आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. नोकरी करणाऱ्या व्यक्तीचे कार्यालयात इंग्रजीवर निभावते. घर सांभाळणाऱ्या व्यक्तीला मात्र भाजीवाला, शाळा आणि दवाखाना या तिन्ही ठिकाणी जपानी भाषेशीच गाठ पडते.

जपानमध्ये दातांचे दवाखाने सुमारे ६७ हजार आहेत. तेथील चोवीस तास उघडी असणारी छोटी दुकाने गल्लोगल्ली दिसतात. पण दातांच्या दवाखान्यांची संख्या त्यांच्याहूनही जास्त आहे. बहुतेक दवाखाने लहान असतात. एक डॉक्टर, दोन-तीन खुर्च्या, एक-दोन सहायिका आणि स्वागतकक्षात एक कर्मचारी, एवढाच त्यांचा पसारा. पाटीवर 'शिका', म्हणजे दंतचिकित्सा, असे लिहिलेले असते. मोठ्या रुग्णालयात कधीकधी दुभाषी मिळतो; या छोट्या दवाखान्यात तो सहसा नसतो. तथापि दाढ ठणकू लागली की मनुष्य आधी जवळचाच दवाखाना शोधतो.

जपानमध्ये १९६१ पासून सर्व रहिवाशांसाठी आरोग्य विमा आहे. तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी रहिवाशालाही सामान्यतः या विम्यात सामील व्हावे लागते. विम्यात बसणाऱ्या उपचारांच्या खर्चापैकी बहुसंख्य प्रौढ रुग्ण ३० टक्के रक्कम भरतात. पूर्वी यासाठी विमापत्र दाखवत असत. २ डिसेंबर २०२४ पासून ते नव्याने देणे बंद झाले. आता 'माय नंबर' नावाचे ओळखपत्र किंवा विम्याच्या पात्रतेचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीला हा विमा लागू नसतो. तिला संपूर्ण खर्च स्वतः करावा लागतो.

दवाखान्यात जाण्यापूर्वी वेळ ठरवून घेण्याची पद्धत आहे. अनेक ठिकाणी दारातच पादत्राणे काढून सपाता घालाव्या लागतात. नाव पुकारताना आडनावापुढे 'सान' हा आदरार्थी शब्द लावतात. पाटीलबाई तेथे 'पाटील-सान' होतात. डॉक्टरांना रुग्ण 'सेन्सेइ' म्हणतो. शिक्षकांनाही हाच शब्द वापरतात. पहिल्या भेटीत हाती एक छापील प्रश्नपत्रक येते. त्याला 'मोन्शिन्ह्यो' म्हणतात. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, कोणती औषधे चालू आहेत, कोणत्या औषधाचा त्रास होतो, असे प्रश्न त्यात असतात. खरी परीक्षा येथेच सुरू होते, कारण उपचाराची दिशा बऱ्याच अंशी या कागदावर ठरते.

दुखण्याचे शब्द

'दुखते' एवढेच सांगितले तर डॉक्टरांना फारसा बोध होत नाही. कसे दुखते, हे त्यांना हवे असते. थंड पाणी लागताच क्षणभर कळ येऊन ती थांबत असेल, तर दाताचे वरचे कवच झिजले असण्याचा किंवा कीड फार खोल गेली नसण्याचा संभव असतो. काहीही न खाता, विशेषतः रात्री, दाढ ठणकत राहत असेल, तर आतील नसेपर्यंत सूज पोहोचली असल्याची शंका येते. चावल्यावरच दुखत असेल, तर दाताच्या मुळाशी पू झाला आहे का किंवा दाताला तडा गेला आहे का, हे पाहावे लागते. म्हणजे दुखण्याचे वर्णन हा निदानाचाच एक भाग होय. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्ण वेदनेसाठी जे निरनिराळे शब्द वापरतात, त्यांचे गट पाडून ती तयार केलेली आहे.

मराठी माणसाला या बाबतीत शब्दांची वाण नाही. दाढ ठणकते, हिरडी ठसठसते, दातातून कळ जाते, थंड लागताच दात शिवशिवतात, चिंच खाल्ल्यावर दात आंबतात, म्हातारपणी दात खिळखिळे होतात. यांतील काही शब्दांच्या नादातच त्या दुखण्याची चाल ऐकू येते. जपानी भाषाही अशा नादानुकारी शब्दांनी समृद्ध आहे. ठणकणाऱ्या दाढेसाठी तेथे 'झुकिझुकि' हा शब्द आहे. मंद पण सतत चालणाऱ्या दुखण्याला 'शिकुशिकु' म्हणतात. हलणाऱ्या दाताला 'गुरागुरा' हा शब्द लावतात. थंड वा गोड पदार्थ झोंबला, तर 'शिमिरु' हे क्रियापद वापरतात. 'इताइ' म्हणजे दुखते. हे पाच शब्द पाठ असतील, तर व्याकरण अजिबात येत नसतानाही रुग्ण आपले दुखणे पुष्कळ अचूकपणे सांगू शकतो. दाढेकडे बोट दाखवून 'झुकिझुकि' म्हटले आणि रात्रीचा चंद्र कागदावर काढून दाखवला, तरी डॉक्टरांना अर्धे निदान हाती लागते.

काही शब्द तर ओळखीचेच वाटतात. किडलेल्या दाताला जपानी भाषेत 'मुशिबा' म्हणतात. 'मुशि' म्हणजे किडा आणि 'हा' म्हणजे दात. जोडशब्दात 'हा'चा 'बा' होतो. दात खरोखरीचा किडा पोखरत नाही. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात झिजतो. पण मराठी माणूसही 'दाताला कीड लागली' असेच म्हणतो. दोन दूरच्या समाजांनी एकाच कल्पनेतून हा शब्द घडवावा, ही गमतीची गोष्ट आहे. अक्कलदाढेच्या बाबतीत मात्र वाटा वेगळ्या होतात. मराठीत ती अक्कल येण्याच्या वयात उगवते. जपानीत तिचे नाव 'ओयाशिराझु', म्हणजे आईवडिलांना ठाऊक नसलेली, असे आहे.

वेदना किती आहे, हे सांगण्यासाठी तर शब्दही लागत नाहीत. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य वेदना, असे मानून रुग्ण आकडा सांगतो किंवा बोटांनी दाखवतो. मुलांसाठी हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत सहा चेहऱ्यांची एक पट्टी आहे. डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी ती १९८३ मध्ये अमेरिकेत तयार केली. आज ती अनेक देशांत वापरली जाते.

नेमका कोणता दात?

दुखणारा दात दाखवणे हे वाटते तितके सोपे नाही. वेदना पुष्कळदा पसरते. खालची दाढ किडलेली असताना वरची दुखते असे वाटू शकते. शिवाय डॉक्टर रुग्णाच्या समोर असले, तर रुग्णाची उजवी बाजू त्यांच्या डाव्या हाताला येते. म्हणून दंतवैद्यकात डावे-उजवे नेहमी रुग्णाच्या बाजूने मानतात आणि दात आकड्यांनी ओळखतात.

ही मोजणी समजण्यास सुलभ आहे. वरच्या व खालच्या जबड्याचे मधोमध दोन भाग केले की तोंडाचे चार भाग होतात. प्रत्येक भागात मधल्या दातापासून मागे मोजत जावे. पहिला व दुसरा हे पुढचे पटाशीचे दात, तिसरा सुळा, चौथी व पाचवी या लहान दाढा, सहावी व सातवी या मोठ्या दाढा आणि आठवी अक्कलदाढ. असे चार भागांत मिळून ३२ दात होतात. जपानमधील डॉक्टर 'उजवीकडील वरचा सहावा' अशा रीतीने दाताचा उल्लेख करतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याच दाताला १६ हा क्रमांक आहे. त्यातील पहिला आकडा तोंडाचा भाग दाखवतो आणि दुसरा दाताचे स्थान. वरचा उजवा भाग १, वरचा डावा २, खालचा डावा ३ आणि खालचा उजवा ४ असे हे भाग आहेत. भारतातील दंतवैद्याने कागदावर '३६' लिहून दिले असेल, तर टोकियोतील डॉक्टरांनाही ती खालच्या डाव्या बाजूची सहावी दाढ आहे हे कळते. परदेशी जाताना जुने क्ष-किरण चित्र आणि उपचारांचा कागद जवळ ठेवावा तो यासाठीच.

यासोबत चार जपानी शब्द ठाऊक असावेत. 'मिगि' म्हणजे उजवा, 'हिदारि' म्हणजे डावा, 'उए' म्हणजे वर आणि 'शिता' म्हणजे खाली. 'शिता' या उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ जीभ असा होतो. तोंडाच्या दवाखान्यात हे दोन्ही शब्द कानी पडतात. म्हणून शब्दाबरोबर बोटही दाखवावे.

खुर्चीतील खुणा

एकदा खुर्ची मागे कलली की बोलणे थांबते आणि खुणा सुरू होतात. जपानी दंतवैद्य उपचारास प्रारंभ करण्यापूर्वी बहुधा एक वाक्य सांगतात: दुखले तर डावा हात वर करा. डावाच का, यालाही कारण आहे. डॉक्टर सहसा रुग्णाच्या उजव्या बाजूस बसून काम करतात. उजवा हात अचानक वर आला, तर तो त्यांच्या हातातील उपकरणाला लागू शकतो. ही एक खूण रुग्णाच्या हाती मोठे सामर्थ्य देते. तिच्यामुळे काम थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. डॉक्टरांनी ती सांगितली नाही, तर रुग्णाने स्वतः हात वर करून दाखवावा आणि होकार मिळवावा.

दातांवर दात बसतात की नाही, हे पाहण्यासाठी डॉक्टर 'काचिकाचि' म्हणतात. म्हणजे दात एकमेकांवर आपटा. 'गिरिगिरि' म्हटले की दात घट्ट मिटून जबडा डावीकडे-उजवीकडे घासावयाचा असतो. मराठीत आपण थंडीने दात कडकड वाजले असे म्हणतो आणि झोपेत कराकरा दात खाल्ले असेही म्हणतो. म्हणून हे शब्द मराठी कानाला लवकर उमगतात. चूळ भरण्यासाठी पेल्याकडे हात दाखवला जातो. तोंड उघडण्यासाठी डॉक्टर स्वतःच 'आ' करून दाखवतात.

एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. पाण्याचे तुषार आणि दिव्याचा झोत डोळ्यांवर येऊ नये म्हणून अनेक दवाखान्यांत रुग्णाच्या डोळ्यांवर टॉवेल ठेवतात. ज्याला भाषा येते, त्याला त्यामुळे आराम वाटतो. ज्याला ती येत नाही, त्याचा मात्र खुणा पाहण्याचा मार्गच बंद होतो. अशा रुग्णाने टॉवेल हाताने हळूच बाजूला करून डोळ्यांकडे बोट दाखवावे. त्याला पाहावयाचे आहे, हे डॉक्टरांच्या लक्षात येते.

'हाय' म्हणजे होच का?

मराठीत 'हाय' हा दुःखाचा उद्गार आहे. एखाद्याने धसका घेतला, तर त्याने हाय खाल्ली असे आपण म्हणतो. जपानी भाषेत 'हाय' म्हणजे होय. परंतु हा होकार नेहमी संमतीचा नसतो. समोरचा बोलत असताना मधूनमधून 'हाय, हाय' म्हणणे हा तेथील शिष्टाचार आहे. आपले लक्ष आहे, एवढेच त्यातून सुचवले जाते. मराठी श्रोता गोष्ट ऐकताना हुंकार देतो, तसाच हा प्रकार आहे. परदेशी रुग्ण हा शिष्टाचार चटकन उचलतो. काही कळले नाही तरी अवघडलेपणाने 'हाय' म्हणत राहतो. त्याने सारे समजून मान्यता दिली, असे डॉक्टरांना वाटते.

'दाइजोबु' हा शब्द याहूनही फसवा आहे. 'ठीक आहे ना?' असे विचारतानाही तो वापरतात आणि 'नको, चालेल' असे नम्रपणे नाकारतानाही वापरतात. बधिरतेचे औषध आणखी हवे का, या प्रश्नाला रुग्णाने 'दाइजोबु' असे उत्तर दिले, तर ते नको असा अर्थ होतो. मनात 'चालेल, द्या' असे असूनही हातून नकार दिला जातो. आपल्या मान डोलावण्याचाही असाच घोटाळा होतो. भारतात मान किंचित डावी-उजवीकडे कलती करून अनेक जण होकार देतात. जपानी माणसाला ही हालचाल नकारासारखी किंवा संशयासारखी वाटू शकते. म्हणून दवाखान्यात होकारासाठी मान स्पष्टपणे वर-खाली हलवावी. नकारासाठी जपानी लोक दोन्ही हातांची फुली करून दाखवतात. ती खूण वापरावी.

हा घोटाळा केवळ गमतीचा विषय नाही. दात काढावा की वाचवावा, हा निर्णय एकदाच होतो. काढलेला दात पुन्हा उगवत नाही. 'नुकु' म्हणजे उपटणे. परंतु दाताच्या मुळातील नस काढून टाकण्याच्या उपचारालाही, ज्याला आपल्याकडे रूट कॅनल म्हणतात, बोलीत 'नस उपटणे' अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. त्यात 'नुकु' हेच क्रियापद येते. 'शिन्केइ' म्हणजे नस. हा शब्द ऐकू आला तर दात राहणार आहे आणि नस जाणार आहे, असे समजावे. पैशांचेही तसेच आहे. विम्यात बसणाऱ्या उपचाराला 'होकेन' आणि पूर्णपणे स्वखर्चाच्या उपचाराला 'जिहि' म्हणतात. दाताच्या रंगाशी जुळणारी चिनी मातीची टोपी किंवा जबड्यात बसवलेला कृत्रिम दात हा बहुधा स्वखर्चाचा असतो. येथे न कळता दिलेला 'हाय' फार महाग पडू शकतो. अशा वेळी कागद पुढे करून रक्कम आकड्यात लिहून घ्यावी. समजले नाही तर 'वाकारिमासेन', म्हणजे कळले नाही, हे एक वाक्य न संकोचता म्हणावे. कळले नाही असे सांगण्यात कमीपणा नाही. तो रुग्णाचा हक्कच आहे.

खुणांवर सोपवू नये असे काही

दुखणे दाखवता येते, दात दाखवता येतो, थांबा असेही दाखवता येते. परंतु शरीराची जी माहिती बाहेरून दिसत नाही, ती खुणेने सांगता येत नाही. ही माहिती लिहूनच न्यावी लागते. ती अशी:

१. औषधाची अ‍ॅलर्जी. पेनिसिलीन गटातील प्रतिजैविके दाताच्या उपचारात वापरली जातात. काही व्यक्तींना त्यांनी जीवघेणा त्रास होऊ शकतो.

२. हृदयविकार व रक्तदाब. दात बधिर करण्याच्या इंजेक्शनात पुष्कळदा अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलेले असते. हृदयविकार असलेल्या रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर त्याचे प्रमाण विचारपूर्वक ठरवतात.

३. रक्त पातळ करणारी औषधे. ती चालू असताना दात काढला, तर रक्त लवकर थांबत नाही. ही औषधे रुग्णाने आपल्या मनाने बंद करणेही तितकेच धोक्याचे असते.

४. मधुमेह. रक्तातील साखर आटोक्यात नसेल, तर जखम भरण्यास विलंब होतो आणि हिरड्यांचा आजार बळावतो.

५. हाडांच्या ठिसूळपणावरील काही औषधे. ती घेणाऱ्या रुग्णाचा दात काढल्यावर क्वचित जबड्याच्या हाडाला इजा होऊ शकते.

६. गर्भारपण. क्ष-किरण तपासणी आणि औषधे यांचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

औषधाचे नाव लिहिताना दुकानातील नाव लिहून भागत नाही. तीच गोळी निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या नावांनी विकली जाते. म्हणून वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव आणि मात्रा लिहावी. क्वचित मूळ नावही बदलते. भारतात ज्याला पॅरासिटामॉल म्हणतात, तेच औषध जपानमध्ये असेटअमिनोफेन या नावाने ओळखले जाते. औषधाचे रिकामे पाकीट जवळ ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

जपानमध्ये रुग्णांजवळ 'ओकुसुरि तेचो', म्हणजे औषधांची वही, असते. औषधाच्या दुकानातील तज्ज्ञ प्रत्येक वेळी दिलेल्या औषधांची नोंद तीत चिकटवून देतात. २०११ च्या मार्च महिन्यात भूकंप आणि त्सुनामीने ईशान्य जपान उद्ध्वस्त झाला. दवाखाने व त्यांतील नोंदी वाहून गेल्या. त्या वेळी ज्यांच्याजवळ ही वही होती, त्यांना योग्य औषध देणे सोपे गेले. परदेशी रुग्णासाठी तर ही वही म्हणजे न बोलता सर्व काही सांगणारा सोबतीच असतो.

दुभाषी कोणाला करावे?

परदेशी कुटुंबातील मुले शाळेत जाऊन सहा महिन्यांत तेथील भाषा बोलू लागतात. आई मात्र घरीच राहते. मग दहा वर्षांच्या मुलीला बरोबर घेऊन आई दवाखान्यात जाते. हे दृश्य जगभर आढळते. परंतु मुलीला 'हिरडी', 'गर्भारपण', 'रक्त पातळ करणारे औषध' हे शब्द कोणत्याच भाषेत पुरते ठाऊक नसतात. आईलाही काही गोष्टी मुलीसमोर बोलावयाच्या नसतात. शिवाय चूक झाली, तर तिचा भार त्या कोवळ्या मनावर राहतो. म्हणून शेजारचा दुकानदार कोण आहे, दवाखान्याची वेळ काय, इतपत चौकशी मुलांवर सोपवावी. आजार आणि संमती यांचा विषय मोठ्यांनीच हाताळावा.

त्यासाठी काही साधने उपलब्ध आहेत. कानागावा प्रांतातील एक आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठान आणि एक स्वयंसेवी संस्था यांनी दवाखान्यातील प्रश्नपत्रके अनेक भाषांत तयार केली आहेत. त्यांत दंतचिकित्सेचेही पत्रक आहे. प्रश्न दोन्ही भाषांत छापलेले असल्याने रुग्ण आपल्याला येणाऱ्या भाषेत वाचून खूण करतो आणि डॉक्टर तेच उत्तर जपानीत वाचतात. भ्रमणध्वनीतील भाषांतराची सोयही आज सर्वत्र झाली आहे. तिचा उपयोग करताना वाक्ये लहान ठेवावीत. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी आणि आलेले भाषांतर पुन्हा मराठीत उलटून पाहावे. 'दाढेने जीव नकोसा केला आहे' असे वाक्य यंत्राच्या हवाली केले, तर डॉक्टर भलत्याच काळजीत पडतील. 'दाढ तीन दिवस फार दुखते' हे वाक्य सुरक्षित आहे.

प्रयत्न केवळ रुग्णानेच करावयाचा, असेही नाही. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात मोठा भूकंप झाला. त्या वेळी सूचना न समजल्यामुळे परदेशी रहिवाशांचे विशेष हाल झाले. त्यातून 'यासाशी निहोन्गो', म्हणजे सोपी जपानी, ही कल्पना पुढे आली. 'यासाशी' या उच्चाराला सोपे आणि प्रेमळ असे दोन्ही अर्थ आहेत. लहान वाक्ये, रोजचे शब्द, सावकाश उच्चार आणि आदरार्थी रूपांचा कमी वापर, ही तिची लक्षणे होत. जपानी भाषेत आदर दाखवताना वाक्य लांबत जाते. नवख्या श्रोत्याला ती लांबीच अडवते. २०२० मध्ये तेथील सरकारी विभागांनी या सोप्या भाषेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आता वैद्यकीय क्षेत्रातही तिचा प्रसार करण्याचे प्रयत्न होत आहेत.

आपल्या अवतीभवती

हा प्रश्न परदेशापुरता मर्यादित नाही. कामासाठी चेन्नईला गेलेला सोलापूरचा कामगार तेथील दवाखान्यात असाच अवघडून बसतो. पुण्यातील बांधकामावर काम करणाऱ्या ओडिशाच्या मजुराला मराठी कळत नाही. आपल्या देशात तर दोनशे-तीनशे किलोमीटर गेले की भाषा बदलते. त्यामुळे जो आज रुग्ण म्हणून अडतो, तोच उद्या दुसऱ्या कोणाला समजावून सांगण्याच्या जागी असू शकतो. अशा वेळी मोठ्या आवाजात बोलल्याने काही साधत नाही. सोप्या शब्दांत बोलल्याने साधते.

उपचार संपल्यावर जपानी दवाखान्यातील कर्मचारी निघणाऱ्या रुग्णाला 'ओदाइजि नि' म्हणतात. 'प्रकृतीला जपा' असा त्याचा भाव आहे. पुढच्या भेटीची तारीख कार्डावर लिहून दिली जाते. जपानमध्ये दाताचे काम बहुधा अनेक भेटींत थोडे थोडे केले जाते. म्हणून ती तारीख नीट वाचून घ्यावी आणि दुखणे थांबले तरी पुन्हा जावे. वेदना गेली म्हणजे कीड गेली असे होत नाही. प्रत्येक भेटीत चार नवे शब्द कानी पडतात आणि पुढची भेट तेवढी सोपी होते.

स्वाध्याय

१. दाताच्या दवाखान्यातील कोणत्या गोष्टी खुणेने सांगता येतात व कोणत्या सांगता येत नाहीत? पाठाच्या आधारे दोन याद्या करा.

२. मराठीत दुखण्यासाठी वापरले जाणारे दहा शब्द लिहा व प्रत्येक शब्द कोणत्या अवयवाच्या दुखण्यासाठी वापरतात ते सांगा.

३. आपल्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीची चालू असलेली औषधे, त्यांची मूळ नावे व मात्रा एका कागदावर लिहा. तो कागद त्या व्यक्तीजवळ राहील अशी व्यवस्था करा.

४. 'जेवणानंतर अर्ध्या तासाने एक गोळी, अशा प्रकारे पाच दिवस औषध घ्यावयाचे आहे' ही सूचना मराठी फारशी न येणाऱ्या व्यक्तीला समजेल अशा लहान वाक्यांत लिहा.